पडदेवाल्यांची आतली केबिन

खिडकीची हौस असलेल्या माणसांचा पडदेवाल्यांना मनापासून तिटकारा होता. ज्या माणसाची उभी हयात लोकांच्या खिडक्यांवर पडदे टांगण्यात गेली, ज्याचं पोटच खिडक्यांवर चाललं, त्याने असं बोलावं म्हणजे कमालच, असं तुम्ही म्हणाल. पण कमालबिमाल काही नाही. छत्तीस वर्षं शिडीवर उभं राहून लोकांची घरं बघितली की माणसाला जे कळतं, ते त्या घरात राहणाऱ्यांनाही कळत नाही.

"घर घेताना पहिला प्रश्न काय? खिडक्या किती, उजेड कसा, समोर काय दिसतं!" हे त्यांचं भाषण गल्लीतल्या न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. "आणि राहायला आले की तिसऱ्या दिवशी मला फोन. काका, जरा जाड कापड दाखवा. काका, काळं अस्तर लावा, उजेडाची तिरीप आत यायला नको. अरे, मग भिंतच बांधायची होतीत की शहाण्यांनो!"

आणि हे ते नुसतं तोंडाने बोलत नसत, त्यांच्याकडे पुरावा होता. धुवायला किंवा अस्तर बदलायला आलेला पडदा ते दुकानात टेबलावर पसरत आणि त्यावरून हात फिरवत. रोज उघडझाक होणाऱ्या पडद्याचा रंग सगळीकडून सारखा उतरतो. जो कधी सरकवलाच जात नाही, त्याच्या चुण्या जिथल्या तिथे राहतात आणि ऊन लागेल तेवढाच भाग विटतो. पडदा पसरला की फिका पट्टा, गडद पट्टा, फिका पट्टा, गडद पट्टा. दहातले नऊ पडदे असे पट्ट्यापट्ट्यांचे निघत. "बघ," ते बायकोला हाक मारून दाखवत, "डोंगर दिसतो म्हणून मिरवतात ते बंगलेवाले. चार वर्षांत एकदा तरी पडदा सरकवलाय का बघ. माणूस खोटं बोलेल, कापड नाही बोलत."

बायको, म्हणजे काकू, शिवणयंत्रावरून मान वर करून बघत आणि "हो ना" म्हणून पुन्हा खाली घालत. पडदेवाले माप घेत, कापत, टांगायला जात, वाद घालत. शिवणं सगळं काकूंकडे. अठरा अठरा फुटी पडद्यांच्या दुमडी मारता मारता त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. दुकानाच्या मागेच घर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकाची एक आणि झोपायची एक, आणि झोपायच्या खोलीत पलंग सोडला तर तीन बाजूंनी छताला टेकलेले कापडाचे तागे. पाहुणे आले की पडदेवाले अभिमानाने सांगत, "गोदामातच झोपतो आम्ही. माल डोळ्यासमोर असलेला बरा."

तर लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने आईबापांना जहाजाची सहल दिली. सात दिवस, मोठं बारा मजली जहाज. काकूंची धाकटी बहीण आणि तिचा नवराही त्याच जहाजाने निघाले होते. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, पैशाचं अजिबात बघू नका. तुम्हाला आवडेल ती केबिन घ्या. फक्त आईला विचारून घ्या." शेवटचं वाक्य पडदेवाल्यांनी ऐकलं, आणि सोडून दिलं.

सहलींच्या कचेरीतल्या मुलीने टेबलावर जहाजाचा नकाशा पसरला. बाल्कनीची केबिन, नुसत्या खिडकीची केबिन आणि मधोमध, चारी बाजूंनी बंद, ती आतली केबिन. "बहुतेक लोक बाल्कनी घेतात सर," ती म्हणाली.

झालं! बहुतेक लोक काय करतात हे पडदेवाल्यांना कुणी सांगायचं? त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि भाषण सुरू केलं. पट्टे झाले, काळं अस्तर झालं, बंगलेवाले झाले. ती मुलगी हसावं की रडावं अशा चेहऱ्याने ऐकत होती. "तुमच्या बाल्कनीवाल्यांचे पडदे जरा काढून बघा कधी," ते म्हणाले. "पट्टे दिसले नाहीत तर नाव बदलीन. आम्हाला आतलीच द्या."

काकू नकाशाच्या कडेवर बोट ठेवून बसल्या होत्या, जिथे निळा रंग दाखवला होता तिथे. हळूच म्हणाल्या, "खिडकी असती तर झोपल्या झोपल्या दिसला असता समुद्र."

"समुद्र काय पळून जातोय?" पडदेवाले म्हणाले. "वर डेकवर जायचं आणि हवा तेवढा बघायचा. खोलीत काय, झोपायचं तर असतं."

काकूंनी नकाशावरचं बोट काढून घेतलं. डॉक्टरांनी त्यांना जिने बंद सांगितले होते, दुपारचं दोन-तीन तास आडवं पडायला सांगितलं होतं, आणि गुडघ्यांचं ऑपरेशन दोन महिन्यांवर आलं होतं. हे सगळं पडदेवाल्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते असं बोलले. रागाने नाही हो, जिंकण्याच्या भरात.

साडूला ही बातमी कळली तेव्हा तो इतका हसला की फोन बायकोकडे द्यावा लागला. हा साडू जन्मभर विमा विकून निवृत्त झालेला. समोरच्याला बोलू न देण्याची कला त्याला पोटापाण्यासाठी शिकावी लागली होती आणि निवृत्तीनंतरही ती त्याने फुकट चालू ठेवली होती. "साडूभाऊ, पाण्यावर जाऊन डब्यात बसणार म्हणे तुम्ही?" तो म्हणाला. "आम्ही बुवा बाल्कनीवाले!"

"बसा बाल्कनीत," पडदेवाले म्हणाले. "बघतो किती बसता ते."

जहाजावर पाऊल ठेवल्यापासून पडदेवाल्यांनी नाक मुरडायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. जेवणाच्या दालनातले पडदे त्यांनी दोन बोटांत धरून बघितले आणि म्हणाले, "दुमड बघ, चिमूटभर! एका धुण्यात वर येईल." नाचगाण्याच्या दालनातल्या मखमलीला त्यांनी "पॉलिस्टर" एवढा एकच शब्द वापरला, पण तो शिवीसारखा. लोक उन्हात अंगाला तेल चोपडून पडले होते, त्यांच्याकडे बघून म्हणाले, "उन्हात पडायचं आणि डोळ्यांवर टॉवेल टाकायचा. बघ माझा मुद्दा."

त्यांची केबिन सहाव्या मजल्यावर, लांबच लांब मार्गिकेच्या टोकाला. लिफ्टपासून काकूंना तिथवर पोचायला दोनदा थांबावं लागलं. आत दोन पलंग, एक आरसा, एक कपाट आणि समोरच्या भिंतीवर चक्क एक पडदा. पडदेवाल्यांचे डोळे चमकले. त्यांनी तो सर्रकन ओढला. मागे क्रीम रंगाची सपाट भिंत.

"अगं, हे बघ!" ते पोट धरून हसले. "खिडकी नाही, काही नाही, आणि पडदा! म्हणजे यांनासुद्धा माहीत आहे. लोकांना खिडकी नकोच असते, पडदा हवा असतो. मी छत्तीस वर्षं वेगळं काय सांगतोय?"

काकू पलंगावर बसून गुडघे चोळत होत्या. "हो ना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेवाल्यांना जाग आली तेव्हा दहा वाजले होते. तासभर आधीच नाश्ता करून बसलेल्या साडूसमोर त्यांनी ही मोठी बढाई मारली. "दहा! लहान बाळासारखा झोपलो. असा अंधार की हात समोर धरला तर दिसू नये. तुम्ही?"

"आम्ही?" साडूच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आम्ही सूर्योदय बघितला. पाच वाजता. अहाहा!" त्याने मोबाइल पुढे केला. एकच लालभडक सूर्य बेचाळीस वेळा काढलेला होता.

मेहुणीने बहिणीचा हात धरला. "ताई, दुपारी आमच्याकडे येऊन पड ना. बाल्कनीत आरामखुर्ची आहे, पाय वर करून बसता येतं. मी चहा मागवते."

"नको गं," काकू म्हणाल्या. "आमची केबिन मस्त आहे. गार, शांत. झोप छान लागते."

पडदेवाल्यांची छाती दोन इंच फुगली. बायको असावी तर अशी, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी साडूच्या ताटातला पावाचा तुकडा न विचारता उचलून खाल्ला.

तीन दिवस असेच गेले. पडदेवाले सकाळ-संध्याकाळ डेकवर फेऱ्या मारत, समुद्राकडे ओझरतं बघत, "पाणी आहे, दुसरं काय" म्हणत, आणि मग कुणीतरी भेटे ज्याला पट्ट्यांची गोष्ट सांगता येई. काकू पहिल्या दिवशी एकदा वर आल्या. कठड्याजवळच्या खुर्च्या सगळ्या अडवलेल्या होत्या, कुणाची टोपी, कुणाचं पुस्तक ठेवून. मागच्या रांगेत बसून लोकांच्या पाठी बघितल्या आणि खाली आल्या. परतीच्या वाटेवर मार्गिकेत त्यांना तीनदा थांबावं लागलं. त्यानंतर त्या जेवणापुरत्या बाहेर पडत. मेहुणी रोज बोलवी आणि काकू रोज म्हणत, "आमची केबिन मस्त आहे."

चौथ्या दिवशी दुपारी पडदेवाले डेकवर एका निवृत्त शिक्षकाला गाठून बसले होते. मोबाइलमधला एका पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्याचा फोटो दाखवायचा तर चष्मा केबिनमध्ये राहिलेला. ते खाली आले. काकू झोपल्या असतील म्हणून त्यांनी दार अगदी हलक्या हाताने उघडलं.

काकू झोपल्या नव्हत्या. कुशीवर वळून, हात लांब करून त्यांनी भिंतीवरच्या पडद्याची कड धरली होती. कड थोडी बाजूला केली. मागच्या क्रीम भिंतीकडे बघितलं, जरा वेळ, नीट, काही दिसतंय का असं बघावं तसं. मग कड सोडून दिली, पडदा सारखा केला आणि डोळे मिटले.

पडदेवाले दारातच उभे राहिले. काकूंनी डोळे उघडून विचारलं, "चष्मा का? आरशापाशी आहे."

"काय बघत होतीस?"

"काही नाही." त्या ओशाळल्या. "सवय. मागे भिंत आहे हे कळतं हो मला. पण हात जातो."

पडदेवाल्यांनी चष्मा लावला. मग जे येतं ते त्यांनी केलं. पडदा हातात घेतला. ऊन नाही, त्यामुळे पट्टे नाहीत, रंग कोरा करकरीत. पण मधली कड, माणूस जिथे धरून ओढतो ती, हातभर उंचीची जागा काळपट झाली होती. कापड मऊ पडलं होतं, दोन ठिकाणी धागे निघाले होते. त्यांनी तिथे अंगठा घासला. तो हातांचाच मळ होता. दुकानात आलेल्या कुठल्याही पडद्यावर, बंगल्यांच्या नाही की फ्लॅटांच्या नाही, त्यांनी इतकी झिजलेली कड बघितली नव्हती. या डब्यात येऊन राहिलेला प्रत्येक माणूस हा पडदा ओढत होता. भिंत आहे हे कळल्यावर पुन्हा ओढत होता. आजारी, म्हातारी, आतली केबिन मिळालेली माणसं पलंगावर पडल्या पडल्या हात लांब करत होती.

कापड खोटं बोलत नाही, हे स्वतःचंच वाक्य त्यांना आठवलं आणि ते इतके खजील झाले की पडदा त्यांनी पटकन सोडून दिला. नकाशावरचं ते बोट आठवलं. 'झोपल्या झोपल्या दिसला असता.' पस्तीस वर्षांत या बाईने काय मागितलं होतं? आणि आपण तिला बंगलेवाल्यांची गोष्ट ऐकवली. आपल्यासारखा गाढव आपणच, असं त्यांनी मनात स्वच्छ म्हणून घेतलं.

"पडून राहा. आलोच," असं सांगून ते तडक साडूच्या केबिनकडे निघाले. काय ऐकावं लागणार ते त्यांना पक्कं माहीत होतं.

दार साडूनेच उघडलं. आत मिट्ट काळोख. भर दुपारी तीन वाजता बाल्कनीचा पडदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेला, फटीला कपड्यांचे चिमटे लावलेले, आणि साडू टीव्हीवर कसलीतरी जुनी मॅच बघत बसलेला. एरवी पडदेवाल्यांनी हे दृश्य वर्षभर चवीने सगळ्यांना सांगितलं असतं. आज त्यांना त्यात काडीचीही गोडी वाटली नाही.

"उजेड येतो हो पडद्यावर," साडू चाचरत म्हणाला. "टीव्हीच्या. म्हणून जरा."

"केबिन बदलायची," पडदेवाले म्हणाले. "हिला समुद्र बघायचाय. वर डेकपर्यंत चालवत नाही तिला. तुम्ही आमची घ्या."

साडूला सावरायला एक क्षण लागला, एकच. "म्हणजे खिडकी हवी?" तो म्हणाला. "पडदेवाल्यांना? खिडकी?"

"हो."

"असं नाही. जेवताना सगळ्यांसमोर म्हणा. चुकलो म्हणा. मग बदलू." आणि मग पुढे वाकून, बायको न्हाणीघरात आहे याची खात्री करून, हळूच, "अंधार पूर्ण असतो ना हो तिकडे? तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. ही पाचला पडदा उघडते आणि म्हणते, सूर्य बघा."

दुसरा कुणी असता तर त्याने एवढ्यावर सोडून दिलं असतं, पण साडूच तो. संध्याकाळच्या जेवणाला त्याने टेबलावरच्या आठही जणांना, त्यात तो निवृत्त शिक्षकही होता, चमचा वाजवून गप्प केलं. पडदेवाले उभे राहिले. "मी आतली केबिन घेतली," ते म्हणाले. "ती चूक होती. मूर्खपणा होता. हिला विचारलं नाही मी." आणि ते खाली बसले. साडूने टाळी वाजवली. बाकी कुणी वाजवली नाही. मेहुणी नवऱ्याकडे अशी बघत होती की पुढचं सूप त्याने मान खाली घालून प्यायलं. काकूंनी नवऱ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

ताईसाठी म्हटल्यावर मेहुणी एका पायावर तयार होती. काउंटरवरच्या बाईने दोन्ही केबिनींची कार्डं बदलून दिली, आणि साडू रुमाल हलवत आपल्या काळोखात निघून गेला.

सकाळी पडदेवाल्यांना जाग आली ती डोळ्यांवर उजेड आल्याने. बाल्कनीचा पडदा पार टोकापर्यंत उघडलेला. काकू उशीला टेकून, गुडघ्यांखाली दुसरी उशी घेऊन, बाहेर बघत होत्या. बाहेर पाणी होतं. जहाज नाही, किनारा नाही, पक्षीसुद्धा नाही. नुसतं हलणारं पाणी.

पडदा इतक्या जोरात ओढला गेला होता की टोकाचा एक हूक रुळातून निसटून लोंबत होता. पडदेवाल्यांचा हात आपोआप शिवशिवला. ते उठले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मध्ये येताय."

ते पुन्हा बसले. हाताला काम नाही, समोर वाद घालायला कुणी नाही, अशी सकाळ त्यांना ठाऊकच नव्हती. थोडा वेळ त्यांनीही बघितलं. "किती वेळ बघणार गं?" त्यांनी शेवटी विचारलं. चिडवायला नाही, खरंच विचारलं.

"आपल्या झोपायच्या खोलीला खिडकी आहे," काकू म्हणाल्या. "लक्षात आहे का?"

"कुठे?"

"पूर्वेला. ताग्यांच्या मागे."

पडदेवाल्यांना आठवलं. होती. बावीस वर्षांपूर्वी एका हॉटेलचं मोठं काम आलं तेव्हा तागे ठेवायला जागा नव्हती. 'दोन दिवस इथे राहू दे' म्हणून त्यांनीच त्या खिडकीसमोर रचले होते. पुढे त्यावर दुसरे आले, मग तिसरे. जगातल्या सगळ्यांच्या खिडक्या त्यांनी मापल्या होत्या, आणि या एकीची रुंदीसुद्धा त्यांना सांगता आली नसती.

"काय दिसायचं गं तिच्यातून?"

काकूंनी पाण्यावरची नजर हलवली नाही. "आता विचारताय?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पडदेवाल्यांना तो चपराकीसारखा लागला. "बावीस वर्षं मी पलंगावर पडून कापडाच्या कडा मोजल्यात. घरी गेल्यावर तागे हलवा. ऑपरेशननंतर दीड महिना पडूनच राहायचंय मला."

'मग तागे ठेवू कुठे?' हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "हलवतो," ते म्हणाले.

"आणि तिथे पडदा लावायचा नाही."

पडदेवाल्यांनी लोंबणाऱ्या त्या हुकाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"बरं," ते म्हणाले.